‘आढळले नाही’ : पिण्याच्या पाण्यातील औद्योगिक द्रावकांची चाचणी व तिची भाषा

पाण्याच्या रासायनिक पृथक्करणाचा अहवाल हा सामान्यतः भाषाभ्यासाचा विषय मानला जात नाही. त्यात वाक्ये थोडी व आकडे फार. आणि जी वाक्ये असतात तीही ठरावीक साच्याची. तथापि ‘नमुन्यात अमुक द्रव्य आढळले नाही’ हे त्यांतील सर्वांत नेहमीचे वाक्य घेतले, तर त्याचे निदान तीन अर्थ संभवतात. ते द्रव्य पाण्यात नव्हते. ते पाण्यात होते, परंतु उपकरणाच्या ग्रहणशक्तीच्या खाली राहिले. अथवा ते शोधलेच गेले नाही. या वाक्यातील ‘नाही’ हे ‘आढळणे’ या क्रियेचा निषेध करते, ‘असणे’ या क्रियेचा नव्हे. वाचणारा मात्र बहुधा दुसऱ्याच क्रियेचा निषेध वाचतो. मराठी कार्यालयीन लेखनातील ‘निरंक’ या शब्दाने तर हा भेद पार बुजवून टाकला आहे. रकान्यात ‘निरंक’ असे लिहिले की मोजून शून्य आले, की मोजण्याचा प्रसंगच आला नाही, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आणि त्याची बदली झाल्यावर तेही कोणास ठाऊक नसते.

या अर्थभेदाची किंमत किती पडू शकते, याचे पूर्ण कागदोपत्री उदाहरण अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅम्प लेजून या नौसैनिक तळाने पुरविले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या या तळावर सैनिक व त्यांची कुटुंबे राहत. त्यांना पाणी तळाच्याच विहिरींतून मिळे. टरावा टेरेस व हॅडनॉट पॉइंट या दोन जलयोजनांच्या पाण्यात औद्योगिक द्रावके उतरली होती. १९८० साली त्यांची पहिली चाहूल लागली. दूषित विहिरी बंद होण्यास नोव्हेंबर १९८४ ते १९८५ चा पूर्वार्ध इतका काळ जावा लागला. मधल्या चार वर्षांत चाचण्या झाल्याच नाहीत असे नाही. चाचण्या झाल्या, अहवाल आले आणि ते वाचलेही गेले. ते कोणत्या प्रश्नाची उत्तरे म्हणून वाचले गेले, हा खरा मुद्दा आहे.

प्रथम द्रव्यांविषयी. येथे प्रामुख्याने दोन द्रावके विचारात घ्यावयाची आहेत. ट्रायक्लोरोएथिलीन हे धातूच्या भागांवरील तेल व वंगण काढण्यासाठी वापरले जाई. टेट्राक्लोरोएथिलीन हे ड्रायक्लीनिंगच्या धंद्यातील मुख्य द्रावक. दोन्ही रंगहीन, दोन्ही चटकन उडून जाणारी, दोन्ही पाण्याहून जड. ट्रायक्लोरोएथिलीनची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट आहे. रॉकेल किंवा पेट्रोल जमिनीत मुरले तर ते भूजलावर तरंगते. ही द्रावके मात्र भूजलातून खाली उतरत जातात, चिकणमातीच्या थरावर साचून राहतात, आणि तेथून वर्षानुवर्षे थोडी थोडी विरघळत विहिरींकडे सरकतात. वाटेत प्राणवायूविरहित स्थितीत त्यांच्यातील क्लोरीनचे अणू एकेक करून गळतात व शेवटी व्हिनिल क्लोराइडसारखे अधिक घातक संयुग तयार होऊ शकते. म्हणजे जमिनीत टाकलेले द्रव्य आणि विहिरीत शोधावयाचे द्रव्य ही नेहमी एकच असतात असे नाही.

‘ड्रायक्लीनिंग’ या नावाकडेही जाता जाता पाहण्यासारखे आहे. ही धुलाई कोरडी नसते. ती द्रवातच होते, फक्त तो द्रव पाणी नसतो. बेंजामिन ली व्होर्फ हा भाषावैज्ञानिक व्यवसायाने अग्निविमा कंपनीचा निरीक्षक व शिक्षणाने रासायनिक अभियंता होता. १९४१ साली एडवर्ड सपीर याच्या स्मृतिग्रंथात प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने पेट्रोलच्या ‘रिकाम्या’ पिंपांचे उदाहरण दिले आहे. पिंप रिकामे म्हणताच कामगार निर्धास्त होतात व जवळपास विडीकाडी ओढतात. वस्तुतः आतील वाफेमुळे ते पिंप भरलेल्या पिंपाहून अधिक धोक्याचे असते. व्होर्फच्या व्यापक सिद्धांताविषयी भाषाशास्त्रात तीव्र मतभेद आहेत, आणि ते रास्त आहेत. तरी हे लहानसे निरीक्षण मात्र टिकून आहे. टरावा टेरेसच्या विहिरींत टेट्राक्लोरोएथिलीन उतरले ते तळाच्या हद्दीबाहेरील एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून. ‘कोरड्या’ धुलाईचे सांडपाणी भूजलापर्यंत पोहोचेल, ही कल्पना त्या शब्दातून तरी कोणाला सुचण्याजोगी नव्हती. हॅडनॉट पॉइंटचे दूषण तळावरचेच होते : गळक्या भूमिगत टाक्या, कारखानी विभागातील सांडलवंड आणि कचरा पुरण्याच्या जागा.

परिमाणांचा विचार केल्यावाचून पुढील आकडे समजणार नाहीत. अशा द्रव्यांचे प्रमाण अब्जांश भागांत सांगतात. पाण्याच्या बाबतीत एक अब्जांश म्हणजे दर लिटरमागे एक मायक्रोग्रॅम. अमेरिकेत या दोन्ही द्रावकांची पिण्याच्या पाण्यातील कमाल मर्यादा आज ५ अब्जांश आहे. ट्रायक्लोरोएथिलीनच्या एका थेंबाचे वजन सुमारे ७३ मिलिग्रॅम भरते. दहा हजार लिटर पाण्याच्या टँकरमध्ये हा एक थेंब पूर्ण विरघळला तर त्या पाण्यात ७ अब्जांशांहून अधिक द्रावक होईल, म्हणजे संपूर्ण टँकर मर्यादेबाहेर जाईल. या पातळीवर पाण्याला रंग येत नाही, आणि वास येण्यास याच्या कित्येक पट प्रमाण लागते. पाणी डोळ्यांनी व जिभेने पारखण्याची मानवाची जुनी रीत येथे निरुपयोगी ठरते. जे काही कळावयाचे ते कागदावरूनच.

तो कागद कसा तयार होतो, हे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. द्रावक उडून जाणारे असल्यामुळे नमुना घेण्यातच अर्धी परीक्षा असते. नळाची जाळी काढून पाणी काही वेळ वाहू देतात. मग बारीक धारेने ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरतात. टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण लावल्यावर कुपी उलटी करून टिचकी मारतात. आत हवेचा बुडबुडा दिसला तर तो नमुना बाद. कारण पाण्यातील द्रावक त्या बुडबुड्यात निघून जाते. पाण्यात क्लोरीन असल्यास ते मारण्यासाठी ॲस्कॉर्बिक आम्लासारखे द्रव्य व नमुना टिकावा म्हणून थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. कुप्या बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात व चौदा दिवसांच्या आत तपासतात. त्यांच्यासोबत शुद्ध पाण्याची एक कुपी न उघडता नेऊन आणली जाते. तिच्यात द्रावक सापडले तर दोष विहिरीचा नसून प्रवासाचा किंवा प्रयोगशाळेचा. न उघडलेल्या या कुपीला अहवालात एकच ओळ मिळते, पण इतर सर्व ओळींचा भरवसा तिच्यावर असतो.

प्रयोगशाळेत नमुन्यातून हेलियमसारखा निष्क्रिय वायू काही मिनिटे बुडबुडत सोडतात. पाण्यातील बाष्पनशील द्रव्ये त्या वायूबरोबर निघतात व शोषक पदार्थांनी भरलेल्या नळीत अडकतात. ही रीत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील बेलर व लिख्टेनबर्ग यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. अडकलेली द्रव्ये नळी तापवून सोडवितात आणि गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांब, अरुंद स्तंभातून पाठवितात. प्रत्येक द्रव्य स्तंभातून आपापल्या वेळी बाहेर पडते व आलेखावर एक शिखर उमटते. शिखराची जागा द्रव्य कोणते ते सुचविते, शिखराचे क्षेत्रफळ ते किती ते सांगते.

‘सुचविते’ हे क्रियापद येथे हेतुपुरस्सर योजले आहे. बाहेर पडण्याची वेळ ही ओळख नव्हे. ती ओळखीची शक्यता होय. दोन भिन्न द्रव्ये जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडू शकतात, आणि साधा संवेदक असेल तर ‘क्लोरीनयुक्त काहीतरी येथे आहे’ यापलीकडे त्याला बोलता येत नाही. खात्रीची ओळख वस्तुमान-वर्णपटमापकाने होते. निसर्गात क्लोरीनचे ३५ व ३७ वस्तुमानांचे अणू साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. ट्रायक्लोरोएथिलीनच्या रेणूत क्लोरीनचे तीन अणू असल्यामुळे त्याच्या वर्णपटात १३० व १३२ या जागी जवळजवळ समान उंचीच्या रेषा आणि १३४ या जागी सुमारे एकतृतीयांश उंचीची रेषा येते. चार क्लोरीन अणूंच्या टेट्राक्लोरोएथिलीनमध्ये १६६ ची रेषा १६४ च्या रेषेहून उंच असते. हा ठसा सहसा चुकत नाही.

आता १९८० सालाकडे वळता येईल. पाणी निर्जंतुक करण्यासाठी घातलेल्या क्लोरीनची पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी प्रक्रिया होऊन क्लोरोफॉर्म इत्यादी चार ट्रायहॅलोमिथेने तयार होतात, हे १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या जलसेवेतील योहानेस रोक याने दाखवून दिले होते. त्यावरून अमेरिकेत नोव्हेंबर १९७९ मध्ये नियम झाला : चौघांची बेरीज १०० अब्जांशांच्या आत असावी. या नियमाच्या तयारीसाठी कॅम्प लेजूनच्या पाण्याची तपासणी सुरू झाली. म्हणजे विचारलेला प्रश्न ‘या पाण्यात काय आहे ?’ हा नव्हता. ‘या पाण्यात ही चार द्रव्ये किती आहेत?’ हा होता.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९८० मध्ये, तळाच्या आठही जलयोजनांचे पाणी एकत्र मिसळून एक नमुना तपासण्यात आला. त्यात ट्रायक्लोरोएथिलीनसह अकरा बाष्पनशील द्रव्ये सापडली, पण अगदी कमी प्रमाणात. आठ योजनांचे पाणी एकत्र केल्यावर एखाद्या योजनेतील दूषण आठ वाटण्यांत पातळ होणार, हे उघड आहे. मिश्र नमुना हा सरासरीचा प्रश्न असतो, आणि सरासरीचे पाणी कोणीही पीत नसते.

हॅडनॉट पॉइंटच्या नमुन्यांची ट्रायहॅलोमिथेन तपासणी सैन्याच्या पर्यावरण-आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळेकडे होती. तिच्या प्रमुखाला आलेखात ब्रोमोडायक्लोरोमिथेनच्या जागी भलताच मोठा अडथळा दिसला. त्याने १९८० च्या ऑक्टोबरपासून १९८१ पर्यंत अहवालपत्रांवर पुन्हा पुन्हा हाताने नोंदी केल्या : पाणी क्लोरीनयुक्त अन्य द्रव्यांनी फार दूषित आहे, वस्तुमान-वर्णपटाच्या साहाय्याने त्यांचा शोध घ्यावा, आणि शेवटी, ही द्रावके असावीत. हे सर्व छापील नमुन्याच्या चौकटीत बसत नव्हते. ते समासात व तळटीपेच्या जागी गेले. चौकटीतील प्रश्न ट्रायहॅलोमिथेनांचा होता.

रसायनशास्त्रात अशा अडथळ्याला व्यत्यय म्हणतात. मराठीत या शब्दाला ‘खंड, अडथळा’ असा अर्थ रूढ असला तरी संस्कृतात त्याचा मूळ अर्थ उलटापालट असा आहे. पाणिनीय व्याकरणात एका रूपाच्या अपेक्षित जागी दुसरे रूप येणे या अर्थी तो योजिलेला आढळतो. हॅडनॉट पॉइंटच्या आलेखाला हा जुना अर्थ तंतोतंत लागू पडतो. एकाच्या जागी दुसरे आले होते. परंतु एखाद्या गोष्टीला व्यत्यय म्हणावयाचे तर आधी मूळ हेतू ठरलेला असावा लागतो. हेतू बदलला की तोच व्यत्यय शोध ठरतो. ट्रायहॅलोमिथेने मोजणाऱ्याला द्रावके आड येत होती. पाणी पिणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर उलट ट्रायहॅलोमिथेनांचा प्रश्नच द्रावकांच्या आड येत होता. प्रयोगशाळाप्रमुखाने हे ओळखले होते असे त्याच्या नोंदींवरून दिसते. ज्यांच्याकडे कागद गेले त्यांनी ‘व्यत्यय’ हा शब्द ‘चाचणी नीट झाली नाही’ या अर्थाने वाचला असावा, असे अनुमान पुढील स्वस्थतेवरून करता येते.

१९८२ च्या वसंतात हे काम रॅले येथील एका खाजगी प्रयोगशाळेकडे गेले. तेथील रसायनज्ञांनाही तोच अडथळा दिसला. मात्र त्यांनी तो अडथळा म्हणून सोडून न देता ओळखला व मोजला. मे १९८२ च्या अखेरीस हॅडनॉट पॉइंटच्या नळात ट्रायक्लोरोएथिलीन १४०० अब्जांश भरले. टरावा टेरेसच्या पाण्यात टेट्राक्लोरोएथिलीन ८० अब्जांशांच्या आगेमागे होते. ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेने तळाला पत्र लिहिले. आरोग्याच्या दृष्टीने ही द्रावके ट्रायहॅलोमिथेनांहून महत्त्वाची आहेत, असा त्याचा आशय होता. अनाहूत उत्तर याहून स्पष्ट शब्दांत देणे कठीण.

तरीही अडीच वर्षे विहिरी चालू राहिल्या. दोन कारणे पुढे येतात. पहिले असे की जुलैमध्ये हॅडनॉट पॉइंटचे पाणी पुन्हा तपासले तेव्हा आकडा २० च्या आसपास उतरला होता. १४०० आणि २० यांपैकी खरा कोणता, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही खरे असू शकतात. या योजनेच्या विहिरी आळीपाळीने चालविल्या जात. ज्या दिवशी वाईट विहीर चालू असेल त्या दिवशी नळाला तिचे पाणी. नळाच्या पाण्याचा नमुना हा त्या दिवशीच्या पाळीचा नमुना असतो. १९८५ च्या फेब्रुवारीत एकेक विहीर वेगळी तपासली तेव्हा एका विहिरीत ट्रायक्लोरोएथिलीन १८,९०० अब्जांश निघाले.

दुसरे कारण भाषेच्या अंगाने अधिक बोलके आहे. त्या काळी या द्रावकांना कायद्याने बांधलेली मर्यादा नव्हती. पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७९ व १९८० मध्ये केवळ ‘सुचविलेल्या’ पातळ्या जाहीर केल्या होत्या. ट्रायक्लोरोएथिलीनची ५ अब्जांशांची मर्यादा १९८७ मध्ये ठरून १९८९ मध्ये अमलात आली, टेट्राक्लोरोएथिलीनची १९९२ मध्ये. ‘मर्यादेचा भंग झालेला नाही’ हे वाक्य त्यामुळे १९८२ साली अक्षरशः खरे होते. मर्यादाच नसेल तर भंग कशाचा होणार ? तार्किकदृष्ट्या निर्दोष असलेले हे वाक्य व्यवहारात ‘पाणी ठीक आहे’ या अर्थाने चालले.

जानेवारी १९८५ मधील एक घटना येथे नोंदविण्यासारखी आहे. हॉलकोम्ब बूलेवार्ड या तिसऱ्या, एरव्ही स्वच्छ असलेल्या योजनेत इंधनगळती झाली, म्हणून ती तात्पुरती थांबवून तिच्या वस्तीला हॅडनॉट पॉइंटचे पाणी देण्यात आले. इंधनाच्या काळजीने केलेल्या तपासणीत बर्कली मॅनर शाळेच्या नळात ट्रायक्लोरोएथिलीन ११४८ अब्जांश सापडले. शोध एकाचा, सापडले दुसरे, असे पाच वर्षांत पुन्हा घडले. या वेळी मात्र शाळेच्या नळातील आकड्याला व्यत्यय म्हणणे कोणालाही शक्य नव्हते. थोड्याच दिवसांत उरलेल्या दूषित विहिरी एकामागून एक बंद झाल्या.

‘आढळले नाही’ या वाक्याच्या दुसऱ्या अर्थाविषयी, म्हणजे उपकरणाच्या ग्रहणशक्तीविषयी, विद्यार्थ्यांच्या मनात एक गैरसमज नेहमी असतो. शोधमर्यादा ही भिंतीसारखी रेषा आहे, तिच्या वरचे सर्व दिसते व खालचे काहीच दिसत नाही, असे मानले जाते. प्रत्यक्षात ती संख्याशास्त्रीय कल्पना आहे. अल्प प्रमाणाचे सात सारखे नमुने तपासून त्यांच्या उत्तरांतील विचलन काढतात व त्याला ३.१४३ ने गुणतात. या आकड्यावरचे उत्तर शून्य पाण्यापासून येण्याची शक्यता शंभरात एकाहून अधिक नसावी, एवढाच त्याचा अर्थ. उलट बाजूने पाहिले तर, ज्या पाण्यात द्रव्याचे खरे प्रमाण नेमके शोधमर्यादेइतके आहे, त्याचे निम्मे नमुने ‘आढळले नाही’ या शिक्क्यानिशी परत येतील. म्हणून सावध प्रयोगशाळा ‘आढळले नाही’ एवढेच न लिहिता ‘०.५ पेक्षा कमी’ असे लिहिते. पहिल्या वाक्यात द्रव्याविषयी विधान आहे. दुसऱ्यात मापनाची कक्षाही सांगितली आहे. आणि शोधलेल्या द्रव्यांची यादी सोबत जोडली, तर तिसऱ्या अर्थाला, न शोधलेल्यास न आढळलेले समजण्याला, वाव उरत नाही.

हा तिसरा अर्थ किती चिवट आहे हे पुढील इतिहासात दिसते. १९९७ मध्ये विषारी द्रव्ये व रोगनोंदणी यांसाठी असलेल्या अमेरिकेच्या संघीय संस्थेने तळाच्या पाण्याचे आरोग्यमूल्यांकन प्रसिद्ध केले व प्रौढांना कर्करोगाचा धोका संभवत नाही असा निर्वाळा दिला. २००९ मध्ये तिला ते मागे घ्यावे लागले. त्यात बेंझिनचा विचारच झालेला नव्हता. हॅडनॉट पॉइंटच्या इंधनसाठ्याजवळील ज्या विहिरीत बेंझिन होते, ती नोव्हेंबर १९८४ मध्ये बंद झालेली पहिली विहीर. तिच्या जुलै १९८४ च्या नमुन्यात ३८० अब्जांश बेंझिन सापडले होते. १९९२ च्या एका अहवालात हा आकडा ३८ असा आला, आणि १९९४ च्या अंतिम अहवालातून बेंझिनचा उल्लेखच गळाला. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेचा ज्यांना परिचय आहे त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल : आधी एक अक्षर गळते, मग ओळ निरर्थक वाटू लागते, आणि पुढचा लेखनिक ती ओळच वगळतो. येथे मात्र ३८ ही निरर्थक नव्हते. बेंझिनची मर्यादाही ५ अब्जांशच आहे.

दरम्यान पृथक्करणाने न दिलेली उत्तरे गणिताने शोधावी लागली. जुन्या वर्षांचे नमुने उरलेले नसल्याने त्याच संस्थेने भूजलाच्या प्रवाहाचे संगणकीय प्रतिमान रचून मागील काळ मोजला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टरावा टेरेसच्या हिशेबाप्रमाणे तेथील पाणी नोव्हेंबर १९५७ पासूनच ५ अब्जांशांच्या वर होते. २०१३ मध्ये हॅडनॉट पॉइंटचा काळ ऑगस्ट १९५३ पर्यंत मागे गेला. या काळात तळावर राहून गेलेल्यांची संख्या दहा लाखांपर्यंत असावी असा अंदाज आहे. ट्रायक्लोरोएथिलीन मानवात कर्करोगकारक असल्याचा निर्णय कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये दिला. त्याच वर्षी तळाच्या रहिवाशांना वैद्यकीय साहाय्य देणारा अमेरिकी कायदा झाला, आणि २०२२ मध्ये नुकसानभरपाईचा दावा लावण्याची मुभा देणारा दुसरा. २०१२ च्या कायद्याला जेनी एन्स्मिंगर हिचे नाव आहे. तिची आई गरोदर असताना हे कुटुंब तळावर राहत होते. जेनीला ल्युकेमिया झाला आणि सप्टेंबर १९८५ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ती वारली. शेवटच्या दूषित विहिरी त्याच वर्षी बंद झाल्या होत्या. आलेखाच्या समासातील पहिली नोंद हाताने लिहिली गेली, तेव्हा ती चार वर्षांची होती.